कुमाझा

लाँड्रीवाल्यांच्या धाकटीला शाळाशाळांतल्या फुटबॉल मोसमाची सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, तर कुणाच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब तिच्या आईने दुकानाच्या काउंटरवर बसून केव्हाच मांडला होता. शाळेच्या मोठ्या बाईंना मिळणार व्हरांड्यातल्या भिंतीवर लावायला एक फोटो. ती जागा इतकी वर्षं रिकामी होती की कुणी पाहुणे आले की मोठ्या बाई मुद्दाम तिथेच उभ्या राहून ती आपल्या पाठीने झाकायच्या. फुटबॉलच्या सरांना मिळणार कायमची नोकरी, जी सध्या त्यांना दरवर्षी नव्याने हातापाया पडून मिळवावी लागे. नवऱ्याला मिळणार इस्त्री फिरवताना बोलायला एक नवा विषय. आत्तापर्यंत त्याच्याकडे एकच विषय होता, स्वतःची कंबर, आणि तो गिऱ्हाइकांना पाठ झाला होता. खुद्द धाकटीला मिळणार क्रीडा महाविद्यालयात जागा आणि तिथल्या वसतिगृहात एक कॉट.

आणि आईला? आईला मिळणार होतं दुकानात एक माणूस कमी.

तसं पाहिलं तर आईने या भानगडीत पडायचंच कारण नव्हतं. थोरली लग्न करून गेल्यापासून मागच्या खोलीतली निम्मी कामं धाकटीच ओढत होती. शाळेतून आली की दप्तर खुंटीला, आणि हात कपड्यांत. वरच्या माळ्यावरून बाप घड्यांचे गठ्ठे खाली टाकायचा आणि ही ते झेलायची. गठ्ठा जमिनीला लागला तर पुन्हा धुवावा लागतो, म्हणून ही लागूच द्यायची नाही. डावीकडे गेला तर डावीकडे झेप, हँगरच्या रांगेआड गेला तर रांगेखालून. सरांनी एकदा ट्रॅकसूट न्यायला आल्यावर हा खेळ पाहिला आणि ट्रॅकसूट तिथेच विसरून, ‘‘ताई, ही उद्यापासून माझ्या गोलात,’’ असं सांगून निघून गेले.

गोलात उभी राहिली ती दुसऱ्यांच्याच कपड्यांत. बूट थोरलीचे, पुढे बोळा कोंबलेले. हातमोजे सरांचे जुने, अंगठ्याला टाके घातलेले. जर्सी आधीच्या गोलकीपर मुलीची. या घरात स्वतःचं असं काही नव्यानं यायचंच नाही. कपाटं उघडली तर ढिगाने कपडे, पण सगळे लोकांचे.

हातात मात्र मुलीच्या जादू होती. मोसम अर्ध्यावर आला तेव्हा तिच्यावर गोल घालणं ही इतर शाळांमध्ये मिरवायची गोष्ट झाली होती. पण गोलकीपरचं दुखणं असं, की तिचं काम फत्ते झालं म्हणजे काहीच घडलं नाही. आणि काहीच घडलं नाही यासाठी टाळ्या कोण वाजवणार? बक्षिसं घेऊन जातात गोल घालणारे. त्यामुळे निवड समितीवरच्या बाई उपांत्य सामना बघायला आल्या आणि त्यांनी चक्क गोलाच्या मागे खुर्ची टाकली, तेव्हा सरांची नखं दातांखाली गेली.

आणि नेमकं त्याच दिवशी घोटाळा झाला.

*

घोटाळा आईला कळला तो दुसऱ्या दिवशी. सर दुकानात आले ते धुवायला काही न घेताच.

‘‘जिंकलात ना हो? मग तोंड असं का?’’ आईने विचारलं.

‘‘जिंकलो. पुढच्या पोरींनी तीन घातले म्हणून. पण ताई, एक विचारू? रागावणार नसाल तर. तुम्ही घरात एकमेकांशी बोलता तरी काय?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘बॉल उंच आला. सरळ आमच्या गोलासमोर. हिच्या हातातला बॉल, झोपेत झेलेल असा. तिथे आमची लंबू उभी होती बचावाला. अशा वेळी गोलकीपरने ओरडायचं असतं, ‘माझा!’ म्हणजे बाकीच्या बाजूला होतात. हिने काय ओरडावं?’’

आईने भुवया उंचावल्या.

‘‘ ‘कुणाचा?’ ’’ सर म्हणाले. ‘‘मैदानभर ऐकू जाईल असं. ‘कुणाचा?’ आता लंबू गरीब पोर, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं एवढंच तिला ठाऊक. ती वळली मागे, विचार करत. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघतायत, बॉल पडला मध्ये, आणि त्यांची पोर आली न् आत ढकलून गेली. तिला हसू आवरत नव्हतं हो!’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. सामना संपल्यावर निवडीच्या बाई म्हणाल्या, ‘हात सोन्याचे आहेत, पण गोलासमोरची जागा हिला आपली वाटत नाही. अंतिम सामना बघते आणि ठरवते.’ मला कळत नाही ताई, ही बया हे ‘कुणाचा’ शिकली कुठून?’’

आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, खणखणीत. ‘‘कुणाची?’’

त्याच्यावर तेवढाच खणखणीत धाकटीचा. ‘‘हॉटेलची!’’

‘‘कुणाचा?’’

‘‘वकीलसाहेबांचा!’’

  सरांनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि डोकं हातात धरलं.

या दुकानाची रीतच ती होती, आणि ती रीत आईनेच घातलेली. कुणीही कपडा उचलला की आधी ओरडायचं, आणि ज्याला ठाऊक असेल त्याने गिऱ्हाइकाचं नाव घ्यायचं. न विचारता कपडा हलवायचा नाही. शिवाय त्यात एक सोय होती. ‘कुणाचा’ म्हटलं की शर्ट किंवा कोट, ‘कुणाची’ म्हणजे पँट नाहीतर चादर, ‘कुणाचं’ म्हणजे जाकीट. वळून बघायलाही नको, नुसत्या शब्दावरून काय उचललंय ते कळायचं. या रीतीमुळे या दुकानातून आजवर एकही कपडा भलत्याच्या घरी गेला नव्हता, आणि आई हे सांगायची तेव्हा तिची मान जरा ताठ व्हायची.

धाकटी बोलायला लागली तीच मुळी या ढिगाऱ्यात बसून. आईच्या मागोमाग तिने उचललेला दुसरा शब्द होता ‘कुणाचा’. सगळ्यांना काय कौतुक वाटलं होतं तेव्हा!

सर गेल्यावर आई बराच वेळ पावत्या उलटसुलट करत बसली. गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसलं की मुलगी अंतिम सामन्यात पुन्हा ‘कुणाचा’ ओरडणार, निवडीच्या बाई खुर्ची उचलून जाणार, आणि मुलगी राहणार इथेच. गठ्ठे झेलणारे हात घरात राहणार. आईने बोट न उचलता सगळा फायदा तिच्याच बाजूला पडत होता. असा सौदा आपणहून समोर आला की ती सहसा सोडत नसे.

तेवढ्यात धाकटी बाहेर आली आणि खुंटीवरचा स्वेटर घालायला लागली. थोरलीचा, कोपरावर विरलेला. बाही चढवता चढवता तिने अगदी सहज, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात विचारलं, ‘‘आई, सर काय म्हणाले? घेणार नाहीत ना मला?’’

ते ‘ना’ आईला बोचलं. नकार मुलीने आधीच घडी घालून ठेवला होता.

*

‘‘आजपासून दुकानात ‘कुणाचा’ बंद,’’ तिने दुसऱ्या दिवशी शटर वर करतानाच जाहीर केलं. ‘‘कपडा उचलला की म्हणायचं, ‘माझा!’ पँट असेल तर ‘माझी!’ जाकीट असेल तर—’’

‘‘अगं, हे दुकान आहे का तमाशा?’’ नवरा म्हणाला. ‘‘हॉटेलची चादर मी माझी म्हणू?’’

‘‘म्हणायची.’’

‘‘आणि त्या डॉक्टरीणबाईंचा झगा आला तर?’’

‘‘तरी म्हणायचं. आणि जोरात. लाजायचं नाही.’’

‘‘कंबरेचं काय होईल तेवढं बघ माझ्या, झगे पेलवायचे म्हणजे,’’ असं पुटपुटत त्याने इस्त्री तापवायला ठेवली.

पहिल्या दिवशी धाकटीच्या तोंडातून शब्द फुटेना. शर्ट उचलायची, ‘कु—’ म्हणायची, जीभ चावायची, मग हळूच, चोरी केल्यासारखं, ‘माझा’. आई काउंटरवरून ओरडायची, ‘‘ऐकू नाही आलं! कोण नेतंय तो शर्ट?’’ ‘‘मी!’’ ‘‘मग तसं म्हण!’’ बाप माळ्यावरून गठ्ठा टाकायचा आणि ती झेपावत ‘माझा!’ ओरडल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही. गिऱ्हाइकं काउंटरशी थबकायची. एका आजोबांनी तर आपली पँट हातातून सोडायलाच नकार दिला. ‘‘इथे जो तो माझी माझी करतोय,’’ ते म्हणाले, ‘‘मला परत मिळेल याची खात्री काय?’’

आजोबांची शंका अगदीच फुकट नव्हती. ओरडायला सगळे शिकले, पण विचारायचं कुणी उरलं नाही.

अंतिम सामन्याच्या आदल्याच दिवशी वकीलसाहेब दुकानात शिरले ते असे, की काउंटरवरची घंटा न वाजवताच वाजली. दुकान उघडल्यापासूनचं हे गिऱ्हाईक. काळा कोट, त्यांच्याइतकाच कडक.

‘‘माझा कोट कुठे आहे?’’

‘‘अहो साहेब, तुमच्या अंगातच आहे की,’’ आई म्हणाली.

‘‘हा?’’ वकीलसाहेबांनी कोटाची डावी बाजू पुढे केली. तिथे पितळेचा बिल्ला होता. हॉटेलच्या मुख्य वाढप्याचा. त्यावर लिहिलं होतं, ‘आपली काय सेवा करू?’

कोर्टात घाईघाईने घातला, न बघता. न्यायाधीशांसमोर उभे राहिले, घसा खाकरला, आणि न्यायाधीश चष्मा सावरत खाली वाकून त्यांच्या छातीकडे बघू लागले. ‘‘मग म्हणाले,’’ वकीलसाहेबांनी बिल्ल्यावर बोट आपटलं, ‘‘ ‘एक ग्लास पाणी आणलंत तर बरं होईल.’ सगळं कोर्ट हसलं, बाई. माझा अशीलसुद्धा हसला. पिंजऱ्यात उभा राहून!’’

मागून धाकटी धावत आली. दुसरा काळा कोट हँगरवर होता. तिने तो उचलला आणि आठवडाभराची सवय तोंडातून निसटली. ‘‘माझा!’’

‘‘तुझा कसा?’’ वकीलसाहेब किंचाळले. ‘‘माझा!’’

त्यांनी कोट ओढून घेतला, बिल्ल्याचा कोट काउंटरवर फेकला, आणि पुन्हा या उंबऱ्याला पाय लावणार नाही असं सांगून गेले. आई त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेली, हात जोडून. ते थांबले नाहीत.

परत आली तेव्हा धाकटी ओठ घट्ट मिटून उभी होती. ‘‘आई, राहू दे. आपलं ‘कुणाचा’च बरं आहे. आजपासून पुन्हा तसंच करू.’’

नवऱ्याने माळ्यावरून खाली डोकावून बघितलं. तोही तेच म्हणणार होता, पण बायकोचा चेहरा पाहून त्याने तोंड मिटलं.

आईने बिल्ल्याचा कोट उचलला, झटकला, हँगरला लावला. तिची ताठ मान वकीलसाहेब आपल्याबरोबर घेऊन गेले होते, आणि ती काही परत येण्यातली नव्हती.

‘‘एक दिवस राहिलाय,’’ ती म्हणाली. ‘‘आता वळण मोडू नकोस. मी हे कशासाठी ऐकून घेतलं मग?’’ आणि माळ्याकडे बघून, ‘‘काय बघताय? टाका गठ्ठा!’’

*

शनिवार म्हणजे गर्दीचा दिवस. त्या शनिवारी शटरवर ‘बंद’ची पाटी लागली. ती कधी लागलीच नव्हती, त्यामुळे शोधायला निम्मी सकाळ गेली.

आईने मुलीला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. सामने नेमके दुकानाच्या वेळात असायचे. लाकडी बाकावर ती नवऱ्याशेजारी बसली, आणि पहिली काही मिनिटं तिला खेळ कळलाच नाही, फक्त जर्सीवरचे डाग दिसले. मग समोरच्या मुलीने सणसणीत फटका मारला आणि धाकटी आडवी उडाली. आईला ती झेप ओळखीची होती. हँगरच्या रांगेखालून निघायची तीच. चेंडू छातीशी घेऊन ती उठली तेव्हा आईने नकळत पाहिलं, जमिनीला लागला तर नाही ना.

निवडीच्या बाई आजही गोलामागेच होत्या. त्यांच्या बाजूला सर, नखं खात. मोठ्या बाई मंडपात, रेशमी जाकीट घालून. ते धुवायला याच दुकानात आलं होतं आणि नशीब थोर, त्यांचंच त्यांना मिळालं होतं.

उत्तरार्धात तो चेंडू आला. कोपऱ्यावरून उंच, गोलासमोर लोंबकळत. खाली लंबू, तिच्याभोवती दोघीतिघी. धाकटी दोन पावलं पुढे आली. तिने तोंड उघडलं.

‘‘कु—’’

आईने डोळे मिटले. शेजारी नवऱ्याने तिचं मनगट धरलं. सरांनी तर पाठच फिरवली.

‘‘—माझा!’’

तो शब्द नव्हता, आरोळी होती. ‘कुमाझा!’ लंबूला अर्थ कळला की नाही देव जाणे, पण आवाजानेच ती बाजूला फेकली गेली. तिच्याबरोबर समोरच्या दोघीही दचकून मागे सरल्या, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून धाकटी वर उठली, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, आणि तिने चेंडू हवेतून असा काढला जसा वरच्या फळीवरून एखादा घडी केलेला शर्ट काढावा.

 मग कुठूनतरी एक चिमुरडा आवाज आला, ‘‘कुमाझा!’’ आणि हशा पिकला. पुढचा चेंडू आला तेव्हा पोरांचा अख्खा घोळका तिच्या आधीच ओरडला. तिसऱ्या वेळी तिने ‘कु’ गाळायचा प्रयत्न केला, पण लोकांनी तो गाळू दिला नाही. मग तीही तसंच ओरडायला लागली, हसत, हात पसरून. त्या चौकटीसमोर आता जे काही येईल ते तिचंच होतं आणि हे सगळ्यांना मान्य होतं. आईला वाटलं, ही जरा उंच झाली की काय.

सामना मात्र त्या हरल्या. शेवटी शेवटी एक साधासा फटका लंबूच्या टाचेला लागून दिशा बदलून आत गेला. धाकटी भलत्या बाजूला झेपावलेली. लंबू ढसाढसा रडायला लागली, तेव्हा धाकटीनेच जाऊन तिला उठवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. लंबू रडता रडता फिसकन हसली. काय सांगितलं ते पुढे कळलं: ‘‘आता विचारते. तो कुणाचा होता?’’

चषक दुसऱ्या शाळेने नेला. मोठ्या बाई मंडपात उगाच जाकिटाची बटणं लावत बसल्या. सर हिशेब करत असावेत, यंदा कुणाकुणाच्या पाया पडायचं.

मग निवडीच्या बाई माइकपाशी आल्या. कागद वगैरे काही नव्हता.

‘‘मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस गोल घालणारीला द्यायची पद्धत आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आज हरलेल्या संघाच्या गोलकीपरला देतेय. का, ते तुम्ही सगळे मघापासून ओरडताच आहात.’’

गोंधळ उडाला. धाकटी जागची हलेना. तिने आधी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कुणी आहे का ते. लंबूने तिला ढकललं. ती टाके घातलेले मोजे काढायचे विसरून पुढे गेली आणि मोज्यांसकट बक्षीस घेतलं. झेललंच म्हणा ना.

निवडीच्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये कौतुकाने विचारलं, ‘‘ही मुलगी कुणाची?’’

मोठ्या बाई उठल्या, ‘आमच्या शाळेची’ म्हणायला. सर पुढे सरसावले. नवऱ्याने कंबर सावरत उठायला सुरुवात केली. पण या प्रश्नाचं उत्तर देण्याचा सराव जिला होता ती एकटीच होती. जन्मभर तिने ‘कुणाची’ ऐकलं की लोकांची नावं घेतली होती, हॉटेलची, वकिलांची, डॉक्टरांची. आत्ताही शब्द विचाराआधी बाहेर पडला, आणि मागच्या खोलीतून काउंटरपर्यंत पोचवायच्या जोरात.

‘‘माझी!’’

सगळ्या माना वळल्या. आई बाकावर उभी होती. आपण उभ्या कधी राहिलो हे तिला आठवत नव्हतं. पलीकडे, हातात बक्षीस धरलेली धाकटी, मोसमभर जिच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं ती, टाके घातलेल्या अंगठ्याने नाक पुसत होती.

*

तर आता जमाखर्च.

मोठ्या बाईंना भिंतीवरचा फोटो मिळाला, चषकाशिवाय. तरी त्या आता पाहुण्यांना त्या भिंतीपासून चार पावलं लांब उभं करतात, नीट दिसावा म्हणून. सर कायम झाले. नवऱ्याला विषय मिळाला, आणि गिऱ्हाइकं म्हणतात, कंबर बरी होती. लंबूलाही काहीतरी मिळालंच म्हणायचं, ती आता प्रश्नाला उलट प्रश्न करते. धाकटीला महाविद्यालयात जागा मिळाली, कॉट मिळाली, आणि नवे कोरे मोजे, ज्यांत आधी कुणाचाही हात गेलेला नव्हता. तिथल्या मुलीही तिला कुमाझाच म्हणतात. तिची तक्रार नाही.

दुकानात पुन्हा ‘कुणाचा’ सुरू झालं. उत्तर द्यायला मागच्या खोलीत मात्र कुणी नसतं, तेव्हा आई स्वतःच विचारते आणि स्वतःच सांगते.

खर्चाच्या बाजूला दोनच बाबी. एक, वकीलसाहेबांची कोर्टातली अब्रू. या सगळ्याशी काडीचा संबंध नसताना पहिला भुर्दंड त्यांनी भरला. बऱ्याच दिवसांनी ते परत आले. कोट काउंटरवर ठेवून, नजर टाळत म्हणाले, ‘‘ती कुमाझा म्हणजे, तुमचीच का? मग माझा कोट कुणाच्या हातून बदलला, ते त्या न्यायाधीशांना मिरवून सांगायला हवं.’’ ती बाब तिथे मिटली.

दुसरी बाब आईचा उजवा हात. तो वसतिगृहात राहायला गेला. तो तिने स्वतःहून, जोरात ओरडून, सगळ्यांदेखत दिला होता, आणि परत मागायचा तिचा विचार नाही.